सतरा नंबरच्या कपाळावरचा डाग

२ एप्रिल

इनेस काल आली. पोर्तुगालची असूनही आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या बाप्यांपेक्षा जास्त वेळ उन्हात तग धरते. जनुकांची तपासणी तिच्याकडे, जनावरं पकडणं आणि मोजणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे.

आज तिला टेकडी दाखवली. सीदी यखलफची टेकडी, आमच्या अइन तल्हा गावाच्या उशाशी, पांढऱ्या मातीची, माथ्यावर पीराची घुमटी. तिथले सांडे, काटेरी शेपटीचे ते जाडजूड सरडे, मी चार वर्षं बघते आहे. पूर्वेला बिस्क्राकडे मिळतो तो सांडा पिवळा, पोटाला फिकट. पश्चिमेला बेशारकडचा नारिंगी झाकेचा, पोटाला काळा. आमच्या टेकडीवरचा ना असा, ना तसा. पाठ पिवळी, पोट काळं, आणि शेपटीवरच्या काट्यांच्या वळ्यांचा हिशेब दोघांशीही जमत नाही. आजवर लोक दोनच जाती धरत आले. तिसरी माझी. 'माझी' असं लिहू नये, पण लिहिलं.

घुमटीपाशी बायका बसल्या होत्या. पुढ्यात खाल्ती अतरा, सगळ्या गावाची मावशी, घुमटीची झाडलोट करणारी, तोंडानं गावात सगळ्यात फटकळ. लांबून त्यांचा कलकलाट ऐकू येत होता, आम्ही वर पोहोचलो तशा सगळ्या चिडीचूप. दोघीतिघींनी टोपल्यांवर कापड ओढून घेतलं. इनेसनं विचारलं, टोपल्यांत काय आहे? मी म्हटलं, जेवण असेल. बरं झालं त्यांनी झाकलं ते.

संध्याकाळी इनेस घरी जेवायला होती. यम्मानं, माझ्या आईनं, तिच्या तळहातावर मेंदीचा गोळा ठेवून मूठ बांधली, पाहुणी म्हणून. इनेस लहान मुलीसारखी खूश. ती हात धुवायला गेली तेवढ्यात यम्माचं सुरू झालं.

"वनासाच्या नवसाचा सांडा टेकडीवर सोडला हं मी मागच्या आठवड्यात. तुझ्या मामेभावानं बिस्क्राहून ट्रकमधून आणून दिला. काय देखणा होता! अतरानं दुवा म्हटली, मी कपाळाला मेंदी लावली—"

"यम्मा, हळू बोल. पाहुणी आहे घरात."

"तिला कुठं कळतंय आपलं?"

"तरी."

वनासा माझी धाकटी बहीण, जल्फ्याला दिलेली. दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिलं नाही. आता तिसरी खेप, सातवा लागला आहे. जवळच्या सांड्याचं पीराला काय कौतुक, जितका लांबचा तितका नवस पक्का, हे मी जन्मापासून ऐकते आहे. वैताग आहे नुसता. ते बिचारे आठ दिवसांत मरत असतील.

५ एप्रिल

आज सतरा नंबर मिळाला! घुमटीच्या मागच्या कपारीत ऊन खायला बाहेर आला होता. नर, ऐन बहरातला, पाठ हळदीसारखी. इतका शांत की मी हात घातला तरी शेपूट उगारली नाही. टेकडीवरचे बाकीचे शेपटीच्या एका फटक्यात हात रक्ताळून टाकतात, हा मांडीवर घेतला तरी गप्प. पुढच्या डाव्या पंज्याचं एक बोट नाही, जखम जुनी, भरलेली. पोट काळं. उन्हात जरा वेळ ठेवल्यावर थोडं उजळलं. सकाळच्या गारठ्यात सांडे काळवंडतात हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते. पण पकडताना काळं होतं, तेच टिपलं.

कपाळावर बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग.

इनेस फोटो काढता काढता थांबली. "हा काय गं?"

"बिळातली तांबडी माती."

"अच्छा," म्हणाली. आपल्या तळहाताकडे बघितलं, मग फोटो काढले.

टेकडीची माती पांढरी आहे हे आत्ता लिहिताना आठवलं. असो. खाली कुठंतरी तांबडा थर असेल.

नव्या जातीला नाव द्यायचं तर एक जीव द्यावा लागतो. ज्याच्यावर नाव ठरतं तो बाटलीत जातो आणि पुढं कुणालाही शंका आली की ती बाटली काढून बघतात. मी सतरा नंबर निवडला. संध्याकाळी इंजेक्शन दिलं. शेवटपर्यंत शांत होता.

९ एप्रिल

इनेस गेली. सगळ्यांच्या शेपटीचे तुकडे घेऊन गेली. मागच्या वर्षी आम्ही एकच जनुक तपासलं होतं, आईकडूनच उतरणारं. ते काहींचं पूर्वेशी जुळलं, काहींचं पश्चिमेशी. मी म्हटलं, फार जुन्या फाट्याच्या खुणा आहेत या. ती म्हणाली, "हूरिया, आई एकीकडची असली म्हणून बाप पण तिकडचाच असतो का? सगळं बघू, मग बोलू." तिच्याबरोबर काम करायचं तर हे असं थांबत थांबत.

आमचे विभागप्रमुख सी बल्कासम जिन्यात भेटले. "काय डॉक्टरीणबाई, नवी जात म्हणे? मग तेलही नवीन निघणार असेल! पहिली बाटली आमच्यासाठी ठेवा, गुडघ्यांना." आणि आपणच हसले. गुडघ्यांना म्हणे. हसू दे. लेख छापून आला की बघते.

१६ एप्रिल

नमुन्याची बाटली नव्या काचेत भरायला शहरात न्यायची होती. वाटेत मुद्दाम घरी थांबले. यम्माला दाखवायचीच होती.

तिनं चष्मा लावला. बाटली दोन्ही हातांत घेतली, हळूहळू फिरवली. पंज्याशी थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"मेलाय?"

"आता कायमचा राहील, यम्मा. शंभर वर्षांनीसुद्धा लोक याला बघायला येतील. आणि याच्या जातीला मी तुझं नाव देणार आहे."

"माझं नाव? याला?"

"बरकाहुम. लॅटिनमध्ये. सगळ्या जगात."

तिनं बाटली टेबलावर ठेवली, फार जपून, झोपलेलं मूल ठेवावं तशी. "दूध उतू जाईल," म्हणाली आणि आत गेली. चुलीवर काहीच नव्हतं. आनंदानं बावरली असेल. तिला कुणी कधी काही दिलं आहे म्हणून सवय असेल?

१९ एप्रिल

यम्माला मामेभावाचा बिस्क्राचा नंबर हवा होता. कशाला? तर खजूर संपलेत. डबा काठोकाठ भरलेला मी स्वतः पाहिला. म्हातारपण. नंबर दिला.

२७ एप्रिल

सकाळी फोन केला तर यम्मा घरी नव्हती. दुपारी सापडली. टेकडीवर गेली होती म्हणे, या गुडघ्यांनी. चिडले मी. "ऊन काय आहे! पडलीस तर उचलायला कोण येणार?" तर म्हणते, "एक काम राहिलं होतं." काय काम ते सांगेना. मीही विचारलं नाही, मुलांचे पेपर तपासायचे होते.

४ मे

गावभर झालं. यम्मानं नाही, मीच पावाच्या दुकानात बोलून गेले. आज खाल्ती अतरानं रस्त्यातच धरलं.

"काय गं हूरिया, सांड्याचं नाव बरकाहुम ठेवतेस ते खरं?"

"खरं."

"अगं बाई! पोरींना पुरे म्हणून झालं, आता सांड्यांना पण पुरे?" सोबतच्या दोघी हसल्या. पण हसताना एकमेकींकडे बघत होत्या आणि माझ्याकडे कुणी सरळ बघेना. हेवा वाटत असणार.

यम्मा सहावी मुलगी. आजोबांनी तोंड न बघताच सांगितलं, हिचं नाव बरकाहुम. 'पुरे झाल्या ह्या.' आमच्या भागात अशा बऱ्याच आहेत. दवाखान्यात तिचं नाव पुकारलं की ती लगेच उठत नाही. शेजारची बाई कोपरानं ढोसते तेव्हा उठते, तेही चुकून उठल्यासारखी. हे नाव मला जगाच्या यादीत घालायचं आहे. तिथं एकदा चढलेलं नाव कुणी खोडत नाही. या जातीपायी माझं पद वाढेल, पैसा मिळेल, ते सगळं खरं आणि मला ते हवंही आहे. पण मुळात हे नाव हवं आहे. जूनअखेर लेख पाठवायचा.

१९ मे

इनेसचा फोन. आवाज जपून. असा आवाज ती वाईट बातमीला काढते.

टेकडीवरचे सांडे तिसरी जात नाहीत. मिसळ आहेत. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे, दोघांच्या संकरातून झालेले. काहींचे आईबाप वेगवेगळे, काहींचे आजीआजोबा. म्हणजे पिढ्यान्पिढ्या दोन्ही बाजूंनी नवीन रक्त येतच आहे. "आणि एक मिसळीचा नाहीच. शुद्ध पूर्वेकडचा. थेट बिस्क्राच्या सांड्यांशी जुळतो. सतरा नंबर."

मी वहीत सतरा नंबरचं पान शोधू लागले.

"हूरिया, बिस्क्रा तिथून किती लांब! सांडा आपल्या बिळापासून हाकेच्या अंतरावर आयुष्य काढतो. चालत आला का तो? लोक तुमच्याकडे जनावरं इकडून तिकडं नेतात का? पाळतात, विकतात, काही?"

"आमच्याकडे? नाही. फार तर खातात."

इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

२१ मे

विचार करून करून डोकं भणाणलं. एकच शक्यता दिसते: नळ्यांची अदलाबदल. बिस्क्राचे नमुने मीच तुलनेसाठी पाठवले होते. तिच्याकडच्या कुणीतरी सतरावर चुकीची चिठ्ठी लावली. तिला तसं लिहिलं. जरा कडकच लिहिलं. 'आम्ही दक्षिणेकडचे म्हणून चूक आमचीच असणार, असं गृहीत धरू नये' असंही लिहिलं. पाठवल्यावर बरं वाटलं, आणि चहा होईपर्यंत वाटेनासं झालं.

३ जून

इनेसनं सगळं पुन्हा केलं. स्वतःच्या हातानं, नवीन तुकड्यांवर. निकाल तोच. माझ्या त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी फक्त इतकंच: 'हे जनावर तिथं कसं आलं, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.'

संध्याकाळी बाटली उजेडात धरली. मद्यार्कात रंग टिकत नाही. हळदीसारखी पाठ राखेसारखी झाली आहे, पोटाचा काळा पार गेला आहे. ओळखू येत नाही. कपाळावरचा डाग मात्र जसाच्या तसा. माती असती तर पहिल्याच दिवशी तळाशी बसली असती. चिमट्यानं बाहेर काढून कापसानं घासून पाहिला. निघाला नाही. खवल्यांच्या आत मुरला आहे.

माझ्या हाताला वास आला तो मद्यार्काचाच. तरी मला लहानपणच्या ईदच्या आदल्या संध्याकाळसारखं वाटलं, यम्मा मूठ बांधून द्यायची तेव्हासारखं.

४ जून

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इनेसनं डागावर बोट ठेवलं तेव्हा मी माती म्हणाले, ते काही न कळता म्हणाले नव्हते. ती मेंदी आहे असं म्हटलं असतं तर पुढं सांगावं लागलं असतं की आमच्या बायका टोपलीतून सांडे आणतात, बिस्क्राहून, बेशारहून, आणखी कुठून कुठून, आणि त्यांच्या कपाळाला मेंदी लावून दगडी पीराकडे पोरं मागतात. आणि त्यातली एक माझी आई आहे. परदेशातल्या बाईसमोर मला ते नको होतं. एवढीच गोष्ट. एवढ्यासाठी मी जगाला एक खोटी जात द्यायला निघाले होते.

हे लिहितानाही एक विचार येतोच आहे की अजून कुणाला कळलेलं नाही. लाज वाटते. तरी येतोच आहे.

आणि वनासाचा नवस बाटलीत आहे. माझ्या टेबलावर.

७ जून

घरी गेले. यम्मा कुसकुसचा रवा चाळत होती. मी समोर बसले आणि विचारलं, "वनासासाठी सोडलास त्या सांड्याला काही खूण होती?"

तिची चाळणी थांबली नाही. "डाव्या पंज्याला एक बोट कमी."

"तुला माहीत होतं."

"बाटली हातात दिलीस तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू एवढी हरखलेली. माझं नाव देत होतीस." चाळणी आपटून तिनं कोंडा बाजूला केला. "वनासाला सांगू नकोस म्हणजे झालं. मी दुसरा सोडला तिच्या नावानं. हा पण बिस्क्राचाच, तुझ्या मामेभावाकडून मागवला."

"खजूर म्हणाली होतीस."

"खजूर पण आणले त्यानं."

मला रडू येत होतं आणि हसूही. मी म्हटलं, "आणि त्या बायका? इनेस आली तेव्हा टोपल्या झाकल्या त्या?"

"मीच सांगून ठेवलं होतं अतराला. म्हटलं, माझी पोर पाहुणी घेऊन येतेय, तिच्यासमोर हे आपलं काही नको. तिला लाज वाटते."

"मी कधी म्हटलं मला लाज वाटते?"

यम्मानं पहिल्यांदा मान वर केली. रागानं नाही. "म्हणायला कशाला लागतं गं?"

अख्ख्या गावानं माझी लाज सांभाळली. खाल्ती अतरानं, जी कुणाच्या बापाचं ठेवून घेत नाही, तिनंसुद्धा. आणि मी त्यांना हेवा वाटतो म्हणून मोकळी झाले.

माझ्या खोलीवर परत येऊन इनेसला सगळं लिहिलं. खरोखर सगळं. मातीचं, 'नाही' म्हटल्याचं, नळ्यांवर ढकलल्याचं. पाठवण्याआधी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकेक वाक्य मऊ केलं. मग ती वाक्यं परत होती तशी केली.

१० जून

इनेसचं उत्तर. 'मला एप्रिलमध्येच मेंदी वाटली होती. माझ्या तळहातावर तुझ्या आईनं लावलेली आणि त्याच्या कपाळावरची, रंग एकच होता. पण तू माती म्हणालीस. प्रदेश तुझा, माणसं तुझी. मी गप्प बसले, ती माझीही चूक.'

म्हणजे तीसुद्धा! सगळ्यांना दिसत होतं. झाकलेलं होतं ते फक्त माझ्यापासून, आणि तेही मीच झाकलेलं.

तिचं म्हणणं, हे लिहू. माणसांच्या नवसातून दोन जाती एका टेकडीवर आल्या आणि मिसळल्या, हे असं कुणी नीट दाखवलेलं नाही. जुलैत येते म्हणाली. आता बायकांशी बोलायचं, कोण कुठून आणतं ते विचारायचं. मी विचारायचं.

१३ जून

यम्माला सांगायचं टाळत होते. आज सांगितलं, "ती वेगळी जात नाही निघाली. त्यामुळं नाव देता येणार नाही."

"बरं झालं. वाचला बिचारा सांडा," ती म्हणाली. भांडी घासत राहिली. मी निघण्यासाठी उठले तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "एक विचारू? आधी छापून आलं असतं, तर मग नसतं ना खोडता आलं?"

"तरीही खोडलं असतं, यम्मा. मीच."

"हो, हो. सहज विचारलं."

गाडीत बसून रडले. तिला ते हवं होतं. नवसाचा जीव बाटलीत दिसत असतानाही तिनं तोंड उघडलं नाही, त्यात माझा आनंद होता तसं थोडं हेही असेल. पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव खोडायला नाही, लिहायला निघालं होतं. आणि खोडलं मी.

२१ जून

वनासा काल सकाळी दवाखान्यात गेली. अडलं होतं. बाटलीचा आणि गर्भाशयाचा काही संबंध नाही हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत आहे. तरी त्या ओसरीत उभी राहून मी सीदी यखलफला म्हणत होते की मी मारला, मला माहीत नव्हतं, आणि माहीत होतं तरी वनासाला नव्हतं ना. यम्मा शेजारी माळ ओढत होती. वनासाचा नवरा दारात खाली बसलेला. मी त्यांच्यातली एकटी शिकलेली, आणि सगळ्यात जास्त घाबरलेली मीच.

मुलगी झाली. दोघी ठीक. वनासाची सासू दाराशी आली, म्हणाली, "मुलगी." एवढंच. यम्मानं बाळ उचललं आणि सासूकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "अजून होऊ देत!"

८ जुलै

यम्मानं विचारलं, "पीराची जनावरं तुझ्याकडे अजून आहेत?"

"टेकडीवरून नेलेली चार आहेत. जिवंत."

"मग आणून दे त्याची त्याला. घेऊन बसलीयेस."

१२ जुलै

इनेस परवा आली. आज आम्ही तिघी टेकडीवर गेलो. यम्माला मी अर्ध्या वाटेवर हात धरून वर घेतलं. चारही सांडे टोपलीत.

बायका होत्याच. इनेसला बघून त्यांनी पुन्हा कापडं ओढली. माझ्या टोपलीवरही खाल्ती अतरानं लगबगीनं आपला पदर टाकला. मी तो काढून तिच्या हातात दिला.

"अगं पाहुणी आहे," ती कुजबुजली.

"असू दे, खाल्ती. बघायलाच आली आहे."

तिनं पदर परत खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "हातमोजे आणलेत का डॉक्टरीणबाई, का तसाच धरताय पीराचा जीव?" आणि सगळ्या हसल्या, आणि इतके दिवस अडलेलं काहीतरी सुटलं.

इथली रीत अशी की जनावर सोडण्याआधी घुमटीसमोर सांगायचं, तू कोण, आणि हे कुठून आणलं. बापाचं नाव पीराला चालत नाही. बाप कुणी काहीही सांगेल, म्हणतात, आई सांगायची. मी लहानपणी हे शंभरदा ऐकलं असेल. चार वर्षं नमुन्यांवर ठिकाणांच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि इथं प्रत्येक बाई ठिकाण ओरडून सांगते, ते कधी टिपलं नाही.

यम्मानं मेंदी कालवली. मी पहिला सांडा धरला. यानं मात्र हात फोडला.

"मी हूरिया," मी म्हटलं, "बरकाहुमची मुलगी."

"मोठ्यानं गं! पीर म्हातारा आहे, ऐकू कमी येतं."

"मी हूरिया. बरकाहुमची मुलगी."

शेजारी यम्मा ताठ उभी होती, ओठ मिटून. दवाखान्यात नाव पुकारल्यावर असते तशी नव्हती.

"कुठून आणलेत?" खाल्ती अतरानं विचारलं.

"इथूनच नेले होते. परत आणलेत चार. एक मी मारला. तो माझ्या बहिणीचा होता."

यम्मानं वनासाला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि गावासमोर सांगितलेलं जल्फ्याला पोहोचायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. उद्या मीच तिला फोन करेन. यम्मा पुढं झाली, चौघांच्या कपाळाला एकेक बोट मेंदी लावली आणि मी त्यांना कपारीशी सोडलं. तिघे तीरासारखे गेले. चौथा थोडा वेळ ऊन खात बसला, मग गेला.

"काय म्हणालीस तू?" इनेसनं विचारलं. मी तिला फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. मग बायकांनी तिला वेढलं. कोणी बेशारच्या नणंदेकडून आणते, कोणी तूगुर्तच्या माहेराहून. मी भाषांतर करता करता दमले.

उतरताना यम्मा थांबली. बोटाला मेंदी राहिली होती. तिनं ते बोट माझ्या कपाळावर पुसलं. "वाया कशाला घालवायची," म्हणाली.

१३ जुलै

सकाळी वनासाला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

विभागात सी बल्कासम जिन्यात भेटले. चष्मा खाली करून बघत राहिले. "डॉक्टरीणबाई, कपाळाला काय लागलंय? माती?"

"मेंदी," मी म्हटलं.